त्याला लवकर झोपवत जा ना!

गेले तीन वीकएंड इथे काही खरडलं नाही. विषय डोक्यात होता, पण लिहायला बसलो की भाषा घसरायची, मग सगळं डिलीट. आज जरा शांत आहे म्हणून लिहून टाकतो. तरी कुठे घसरलीच तर सांभाळून घ्या.

तर झालं असं. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मंगळवारी सकाळी मेसेज आला. "रात्री बारानंतर वरच्या मजल्यावरून उड्या मारण्याचे व ओरडण्याचे आवाज येतात. लहान मुलांना वेळेवर झोपवणे ही पालकांची जबाबदारी आहे. सहकार्य करावे." नाव कुणाचंच नाही. खाली बावीस अंगठे. त्या बावीस जणांपैकी निदान सहा जण गणपतीत आमच्याकडे आरतीला येऊन मोदक हाणून गेलेले.

वरचा मजला म्हणजे आमचा. उड्या मारणारा माझा पुतण्या. वय वर्षं सहा. इथे त्याला छोटू म्हणू. छोटूला ऑटिझम आहे. हे त्या बावीस जणांपैकी बहुतेकांना माहीत आहे, कारण आम्ही लपवलेलं नाही. म्हणजे ज्याने तो मेसेज लिहिला त्याने माहीत असूनही लिहिला, आणि बाकीच्यांनी माहीत असूनही अंगठा दिला. वहिनीने तो वाचला, फोन उलटा ठेवला आणि डबे भरायला लागली. ती काही बोलली असती तर मी हे लिहिलंच नसतं कदाचित.

आधी मराठीत या प्रकाराला जो शब्द आहे त्याबद्दल. 'स्वमग्नता'. छापील लेखात फार भारदस्त दिसतो. पण छोटूबरोबर एक रात्र काढा आणि मग सांगा हा मुलगा स्वतःत मग्न आहे का. बिल्डिंगच्या गेटवर टँकर वळायच्या आधी, आम्हाला कुणाला काही ऐकू यायच्या आधी, तो उठून बसतो आणि म्हणतो "टँकर". मी चांगला सोळा हजारांचा हेडफोन लावून बसणारा माणूस, स्वमग्न मी का तो? असो. मी ऑटिझमच म्हणतो.

आमच्या घरात रात्री काय होतं ते सांगतो, कारण 'झोपवत जा ना' म्हणणाऱ्यांना वाटतं की आम्ही त्याला टीव्हीसमोर बसवून स्वतः पत्ते खेळतो. साडेआठला जेवण. नऊला हॉलमधला पांढरा ट्यूब बंद, कोपऱ्यातला पिवळा दिवा चालू. मग भिंतीवर चिकटवलेली चित्रांची पट्टी. दात, शू-शी, नाईट ड्रेस, एक पुस्तक, दिवा बंद. प्रत्येक गोष्ट झाली की तो ते चित्र काढून डब्यात टाकतो. (चित्रं ऑफिसच्या कलर प्रिंटरवर काढली आहेत. कुणाला सांगू नका :) नाईट ड्रेसच्या मानेवरचं लेबल उसवलेलं, कारण ते टोचतं. पंखा तीनवर, चारवर नाही, दोनवर तर अजिबात नाही. अंगावर आजीने शिवलेली जुन्या लुगड्यांची गोधडी, मे महिन्यातसुद्धा. आणि हे सगळं बिनचूक पार पडल्यावर आमचा छोटू पलंगावर उभा राहून उड्या मारत पुणे मेट्रोची घोषणा सुरू करतो. "पुढील स्थानक, आनंदनगर." वनाज ते रामवाडी, सोळाच्या सोळा. रामवाडी आलं की गाडी परत फिरते.

ऐकायला गोड वाटतं ना? पहिल्या फेरीला वाटतं. रात्री सव्वा वाजता पाचव्या फेरीला, सकाळी पावणेसातला शाळेची व्हॅन येणार असताना, अजिबात गोड वाटत नाही. त्याच्या वयाच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगून ठेवलंय. छोटूला काही रात्री पाच मिळायची. आणि त्याला पाच म्हणजे वहिनीला चार.

आता सल्लागार मंडळी. यांचं मला एक कळत नाही. कोडमध्ये बग आला तर आपण आधी लॉग बघतो. कुणीही शहाणा माणूस लॉग न बघता "रिस्टार्ट मारत जा ना" असं सांगत नाही. (बरं, सांगतो. पण त्याला आपण शहाणा म्हणत नाही.) मुलांच्या बाबतीत मात्र लॉगबिग काही नाही, थेट निदान. मावशी म्हणाली लाडावलाय. दादाचे सासरे म्हणाले दुपारी खेळवत नाही तुम्ही. कुणी म्हणालं दृष्ट काढा. माझ्या एका मित्राने, बायको अजून प्रेग्नंटसुद्धा नव्हती तेव्हा, मला सांगितलं की रडू द्यायचं, तीन रात्रीत सरळ होतात. आणि सगळ्यांचं पालुपद एकच. "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही." होतं हो. तुमच्या वेळीही होतं. तुम्ही त्याला 'वेडसर' म्हणून माळ्यावरच्या खोलीत ठेवत होता, इतकंच.

या सगळ्या सल्ल्यांच्या तळाशी एकच आरोप असतो की आई कमी पडते. नीट बघा, कुणी दादाला सांगत नाही झोपवत जा म्हणून. सगळे वहिनीला सांगतात. आणि हा आरोप काही आपल्या मावशीने शोधलेला नाही, त्याला चांगला भरभक्कम परदेशी वारसा आहे. लिओ कॅनर या डॉक्टरने 1943 साली अकरा मुलांवर जो निबंध लिहिला तिथून ऑटिझम हे वेगळं निदान म्हणून सुरू झालं. त्याच निबंधात त्याने या मुलांच्या आईबापांत प्रेमळ माणसं फार थोडी दिसतात असंही नोंदवून ठेवलं. झालं. पुढची पंचवीस वर्षं 'थंड आई' हेच कारण म्हणून मिरवलं गेलं. ब्रुनो बेटेलहाइमने 1967 मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. त्याच्या तीन वर्षं आधी, 1964 मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, पुराव्यानिशी मांडलं होतं की हे शरीरातलं, मेंदूतलं प्रकरण आहे, आईच्या मायेचं नाही. कॅनरनेही 1969 मध्ये पालकांच्या एका सभेत आईबापांना त्या आरोपातून मोकळं केलं. म्हणजे ज्या माणसापासून ही चर्चा सुरू झाली त्याने आरोप मागे घेऊनही अर्धशतक उलटलं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत निकाल अजून पोचायचा आहे.

गंमत म्हणजे त्याच 1943 च्या निबंधात कॅनरने आणखी एक गोष्ट टिपली होती. या मुलांना मोठे आणि यंत्रांचे आवाज भयंकर वाटतात. त्याच्या यादीत व्हॅक्यूम क्लीनर आहे, लिफ्ट आहे, गॅसचा बर्नर आहे आणि वाहतं पाणीसुद्धा आहे. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला अक्षरशः आमचा फ्लॅट दिसला. आईबापांवरचं वाक्य जगाने उचललं आणि आवाजांवरचं सोडून दिलं. सोयीचं काय ते बरोब्बर कळतं लोकांना.

झोपेबद्दल जे बऱ्यापैकी माहीत आहे ते असं. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना झोपेचा त्रास असतो, काही पाहण्यांत हा आकडा 80 टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे हा आमच्या घराचा चमत्कार नाही. काही अभ्यासांत या मुलांच्या शरीरात रात्री तयार होणारं मेलाटोनिन कमी आढळलं आहे. मेलाटोनिन म्हणजे 'रात्र झाली' असा शरीरातला निरोप. निरोपच उशिरा किंवा हळू आवाजात आला तर मूल काय करणार? त्यात आवाज, स्पर्श, उजेड यांची धार जास्त. त्यात एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत जाणं अवघड, आणि जागेपणातून झोपेत जाणं हे तर दिवसातलं सगळ्यात मोठं स्थित्यंतर. शिवाय पोटाच्या तक्रारी, फिट्स, शरीरात लोह कमी असल्याने पाय वळवळणं, घोरणं अशी साधी दिसणारी कारणंही असू शकतात. आम्ही ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शी रोज होते का?" दोन वर्षांत शेकडो सल्ले मिळाले होते, हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. होत नव्हती. त्यावर उपाय केला तर आठवड्यातल्या दोन रात्री सुधारल्या. दोन रात्री! ज्याच्या घरी असं मूल नाही त्याला दोन रात्री म्हणजे काय ते कळणार नाही.

आता प्रामाणिकपणे एक कबूल केलं पाहिजे, नाहीतर मीही त्या ग्रुपवाल्यांसारखाच. 'मेंदूतलं आहे, काही करता येत नाही' हेही खोटं आहे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने 2020 मध्ये नेमक्या याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. क्रम असा की आधी दुसरे आजार आणि चालू औषधं तपासा, मग वागणुकीचे उपाय, म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेला क्रम, वगैरे. त्यानेही भागलं नाही तर डॉक्टरच्या देखरेखीखाली मेलाटोनिन. म्हणजे शिस्तवाल्यांच्या म्हणण्यात अर्धा गुण आहे. वेळापत्रक लागतं. पण शिस्त मुलाला लावायची नसते. शिस्त लागते ती मुलाच्या भोवतालच्या मोठ्या माणसांना, आणि खरी बोंब तिथे आहे.

आम्ही काय केलं ते सांगतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आधी दोन आठवडे नुसतं लिहून काढा. मी इंजिनियर, मला काय, हातात कोलीत. मी एक्सेल उघडलं आणि सहा आठवडे लिहिलं. जेवण किती वाजता, दुपारी झोपला का, शी झाली का, पलंगावर किती वाजता, झोप लागली किती वाजता, मधे जाग कधी. शेवटचा कॉलम 'इतर'. त्यातून पहिली गोष्ट कळली की हा नऊला झोपतच नाही तर नऊला पलंगावर नेऊन काय फायदा? त्याची खरी झोपेची वेळ सव्वाअकरा होती. मग उलटं केलं. त्याला अकरालाच पलंगावर न्यायचं, म्हणजे तो लगेच झोपतो. झोप आणि पलंग यांची सांगड बसली की दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणायचं. सकाळी उठायची वेळ मात्र एकच, रविवारीही. हे काही माझं संशोधन नाही, ही जुनी माहितीतली पद्धत आहे. पण तिच्यात पहिले दहा दिवस मूल अकरापर्यंत घरात मोकळं फिरत असतं. तेव्हा आलेला पाहुणा घड्याळाकडे बघून हमखास म्हणतो, "अजून जागा? लवकर झोपवत जा ना!" मारू का एक?

दुसरी गोष्ट 'इतर' कॉलममधून कळली. बेचाळीस रात्रींपैकी सतरा रात्री सोसायटीत पाण्याचा टँकर आला होता. त्या सतरांपैकी चौदा रात्री छोटू एकच्या पुढे जागा होता. टँकर नसलेल्या पंचवीस रात्रींत असं फक्त पाच वेळा झालं.

पश्चिम पुण्यात राहणाऱ्यांना टँकर म्हणजे काय ते सांगायला नको. बिल्डरने ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल दाखवला आणि नळाला पाणी तासभर. मग टँकर. आमचा यायचा पावणेबाराला. गेटवर हॉर्न, मग रिव्हर्सचा पीं पीं पीं, मग मोटार, मग जाताना ड्रायव्हर आणि वॉचमनची मोठ्याने विचारपूस. आमचं बेडरूम बरोब्बर टाकीच्या वर. आणि खरा त्रास टँकर आल्यावर नव्हता. खरा त्रास होता की तो आज येणार की नाही हे छोटूला माहीत नसायचं. तो वाट बघत पडायचा. डोळे उघडे, कान गेटवर. मग ताण असह्य झाला की उठून उड्या आणि मेट्रो. मेट्रोचं एक बरं असतं, पुढचं स्थानक कुठलं ते तिथे आधी सांगतात.

म्हणजे ज्या उड्यांबद्दल सोसायटीने आम्हाला मेसेज टाकला, त्या उड्या सोसायटीचाच टँकर मारवून घेत होता!

मी चार्ट छापला आणि मीटिंगला गेलो. म्हटलं टँकर रात्री नऊच्या आत आणा आणि कोणत्या दिवशी येणार ते बोर्डावर लिहा. एवढंच. दुसरं काही नको, सहानुभूती तर नकोच. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. त्यांत रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली आहे, निवासी भागाला रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायलाही बंदी आहे, आणीबाणी सोडून. हे सगळं वाचून दाखवलं. त्यावर एक काका म्हणाले, "अहो, पण एका मुलासाठी सगळ्या सोसायटीने का बदलायचं?"

या एका वाक्यावर माझं सगळं भांडण आहे. एका मुलासाठी! मला सांगा, लिफ्ट कुणासाठी आहे? तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या गुडघ्यांसाठीच ना? जनरेटर घेतला तेव्हा ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन होतं त्यांचं नाव पुढे केलं होतं की नाही? तेव्हा कुणी म्हणालं नाही की गुडघ्यांनी सहकार्य करावे. गुडघा दिसतो. गुडघा म्हातारा असतो आणि आपला प्रत्येकाचा कधीतरी होणार असतो. छोटूचा कान दिसत नाही आणि आपला तसा होणार नाही अशी प्रत्येकाची खात्री असते, म्हणून ती 'पालकांची जबाबदारी'. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, त्याआधी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातही होता. कायद्याला दिसतो तो कान बावीस अंगठ्यांना दिसत नाही.

या सगळ्या भांडणात एक जमात अत्यंत प्रेमाने वागते, ती म्हणजे विकणारे. वहिनीच्या फोनला कसं कळतं देव जाणे, पण रात्री दोन वाजता तिला जाहिराती दिसतात. वजनदार ब्लँकेट, झोपेच्या गमी, लव्हेंडरचं तेल, मेंदूचं सॉफ्टवेअर नव्याने बसवणारा कोर्स. वजनदार ब्लँकेटवर 2014 मध्ये ब्रिटनमध्ये रीतसर चाचणी झाली आहे, साठाहून जास्त ऑटिस्टिक मुलांवर. साध्या ब्लँकेटच्या तुलनेत झोप वाढली नाही. मुलांना आणि आईबापांना ते आवडलं मात्र. म्हणून आमची गोधडी चालू आहे. तिने झोप येते असा आमचा दावा नाही, त्याला ती आवडते आणि ती आजीने फुकट शिवून दिली आहे. गमीचं प्रकरण जास्त गंभीर. कॅनडातल्या संशोधकांनी 2017 मध्ये बाजारातली मेलाटोनिनची एकतीस उत्पादनं तपासली. लेबलवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा कुठे 83 टक्के कमी तर कुठे 478 टक्के जास्त निघालं. आठांमध्ये तर सेरोटोनिन सापडलं, ज्याचा लेबलवर पत्ताच नव्हता. हे तिकडचं, जिथे तपासणारं कुणीतरी आहे. मेलाटोनिन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, बऱ्याच मुलांना त्याने फायदा होतो. पण किती, कधी, किती दिवस हे मुलाला बघणाऱ्या डॉक्टरने ठरवायचं. मोठ्या मुदतीच्या परिणामांबद्दल पुरेसा पुरावा अजून नाही असं त्या 2020 च्या सूचनाच सांगतात. इन्स्टाग्रामवरच्या ताईंनी सांगितलं म्हणून कार्टमध्ये टाकायची ती वस्तू नाही.

आणि आता आपण. आपण म्हणजे हे वाचणारे, गळ्यात पट्टा अडकवून फिरणारे तुम्ही आम्ही.

2 एप्रिलला जागतिक ऑटिझम जागरूकता दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी 2007 च्या शेवटी ठराव केला, 2008 पासून पाळतात. दादाच्या कंपनीने यावर्षी त्या दिवशी बिल्डिंगला निळे दिवे लावले. सगळ्यांना निळे टी-शर्ट, केक, पोस्ट, हॅशटॅग. कुणाच्या लक्षात आलं नाही की निळा उजेड हाच मेलाटोनिन सगळ्यात जास्त दाबतो. 2001 साली दोन वेगवेगळ्या प्रयोगांत हे दिसलं, आता तर मोबाईलवालेसुद्धा रात्री पडदा पिवळा करतात. ऑटिझमसाठी रात्रभर निळा दिवा! असो, बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता म्हणू. पण त्याच 2 एप्रिलला रात्री साडेनऊला दादाचा क्लायंट कॉल होता. रोज असतो. दादाने मॅनेजरला तीनदा सांगून पाहिलं की साडेनऊ ते साडेदहा मला सोडा, अकराला मी परत येतो, दोनपर्यंत बसतो. उत्तर आलं, "बायको आहे ना घरी?"

बायको आहे. बायकोही इंजिनियर होती. आमच्यापेक्षा चांगली. दीड वर्षापूर्वी तिने नोकरी सोडली कारण चार तासांच्या झोपेवर प्रॉडक्शनला हात लावायची तिला भीती वाटायला लागली. केंद्र सरकारच्या नोकरीत असती तर तिला पूर्ण नोकरीत मिळून 730 दिवस बालसंगोपन रजा असती, आणि मूल दिव्यांग असेल तर त्यासाठी मुलाच्या वयाची अटही नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलमधल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात म्हटलं की दिव्यांग मुलाच्या आईला अशी रजा नाकारणं म्हणजे बायकांना नोकरीत बरोबरीने टिकवण्याच्या घटनात्मक कर्तव्याला बाधा आणणं. खाजगी कंपनीत काय? कंपनीच्या मर्जीवर. निळा टी-शर्ट मात्र सगळ्यांना.

मॅनेजरला शिव्या घालणं सोपं आहे. मी स्वतः काय करत होतो तेही लिहितो, नाहीतर वहिनी हे वाचून हसेल. मी त्याच फ्लॅटमध्ये, एका भिंतीपलीकडे, वर्षभर दार लावून बसायचो. रात्री साडेनऊला माझाही कॉल असायचा. निदान मी तसं सांगायचो. त्यातल्या निम्म्या कॉलमध्ये माझी गरज नव्हती. मी म्यूटवर, कॅमेरा बंद, हेडफोन आवाज गाळणारा, आणि समोर क्रिकेट. घरातले सगळे मोठे लोक कामात होते. फक्त वहिनी 'घरी' होती. एका रात्री हेडफोनची बॅटरी संपली आणि पलीकडून ऐकू आलं. छोटू नाही, वहिनी. ती मेट्रोची स्थानकं म्हणत होती. रडत, पण न चुकता, कारण चुकलं की तो परत वनाजपासून सुरू करतो. नळ स्टॉप, गरवारे कॉलेज, डेक्कन जिमखाना.

तेव्हापासून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार माझे. पट्टीवरची चित्रं मी लावतो. पहिल्या रात्री त्याने मला तीनदा ढकलून बाहेर काढलं, कारण पट्टीवर काका नव्हता. दुसऱ्या दिवशी माझा फोटो छापून चिकटवला. आता तो आधी फोटोकडे बघतो, मग माझ्याकडे, मग परवानगी देतो. मला स्थळ म्हणून बघायला आलेल्यांनी मागच्या महिन्यात हळूच विचारलं की "तुम्ही पुढे वेगळे राहणार का?" त्याचा अर्थ मला कळला. मी म्हटलं मंगळवार, गुरुवार, शनिवार इथेच असणार. अजून फोन आलेला नाही :)

तर माझं मागणं काय? फार काही नाही. ज्यांच्या घरी असं मूल नाही त्यांनी सल्ला द्यायच्या ऐवजी एक रात्र द्यावी. रात्र नको तर दुपार द्या, वहिनीला दोन तास झोपू द्या. टीममध्ये कुणी म्हणालं की साडेनऊला मला सोडा, तर कारण न विचारता कॉल हलवा. अकराला हलवलात म्हणून अमेरिका बुडत नाही, त्यांची तर दुपार असते. आणि मॅनेजर झालात की 2 एप्रिलचा केक रद्द करून ती एक ओळ पॉलिसीत टाका. मी स्वतः टीम लीड झालोय जानेवारीपासून. आमचा रोजचा कॉल आता साडेसहाला आहे. क्लायंट आठवडाभर कुरकुरला, आता विसरला.

टँकरचं काय झालं विचाराल. मीटिंगमध्ये ठराव बारगळला. 'पुढील बैठकीत विचार करू'. पण दाराशी उभे राहून वॉचमनकाका सगळं ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली थांबवलं. म्हणाले, "साहेब, मला आधी सांगायचं ना. तो ड्रायव्हर माझ्या गावचा आहे." आता टँकर साधारण साडेआठला येतो, हॉर्न वाजवत नाही, आणि येणार असेल त्या दिवशी काका संध्याकाळी गेटवरच्या फळ्यावर खडूने टँकरचं चित्र काढतात. छोटू शाळेतून आल्यावर ते बघून येतो. काल चित्र नव्हतं. काल दहा वाजून पाच मिनिटांनी झोपला. परवा चित्र होतं, सव्वादहा. मधे एक रात्र अडीचची आहेच, तिचं कारण एक्सेलमध्ये सापडत नाहीये.

आज शनिवार. पट्टीवर माझा फोटो आहे आणि बाहेरचा पांढरा ट्यूब आत्ताच बंद झाला. जातो.